बालवाडीच्या अंगणात वाद्यकोपरा आणि छोटा मंच: मुंबईच्या जागेत कसा उभारावा, कसा वापरावा

मुंबईतल्या बऱ्याच बालवाड्यांच्या अंगणात आता वाद्यभिंत दिसते. जुनी झाकणं, ताटं, डबे, पाइपचे तुकडे भिंतीला खिळ्यांनी ठोकलेले, वर छान रंग. पहिले आठ दिवस मुलं तिच्यावर तुटून पडतात आणि महिन्याभरात तिकडे कोणी फिरकत नाही. किंवा उलट होतं: मुलं इतकी बडवतात की वरच्या मजल्यावरून तक्रार येते आणि भिंतीवर कायमचं कापड पडतं. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. घट्ट ठोकलेल्या वस्तूला नाद उरत नाही, ती नुसती खडखडते. नाद मिळत नाही म्हणून मूल आणखी जोरात मारतं, गोंगाट वाढतो, मग मोठी माणसं थांबवतात. तीच वस्तू नीट टांगली तर हलक्या टोल्यानेही ती दोन-तीन सेकंद घुमते आणि मूल आपणहून थांबून ऐकतं. म्हणून या लेखात टांगण्यावर जास्त भर आहे आणि वस्तूंच्या संख्येवर फारच कमी. सहा चांगले आवाज पुरतात.

कधी आणि कुठे

आपल्याकडे शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं, म्हणजे नवी मुलं नेमकी भर पावसात येतात. मे महिन्यात घाईने उभारलेला कोपरा पहिल्याच महिन्यात भिजतो, गंजतो आणि मुलांना दिसतो तो बंद अवस्थेत. बांधकाम दिवाळीनंतर करा. नोव्हेंबर ते मे असे सलग सात महिने वापर होतो, दोष कळतात आणि पुढच्या जूनपर्यंत काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं हे ठरलेलं असतं.

जागा ठरवण्याआधी तिथे उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीमागोमाग तडतड असा खडबडीत प्रतिध्वनी आला तर ती जागा सोडा. दोन विंगांमधली अरुंद बोळ, पार्किंगचा ढाचा, दोन बाजूंनी बंद कोपरा या ठिकाणी आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो. पाच मुलं वाजवू लागली की बाईंना स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. एक बाजू मोकळी आणि मागे झुडपं किंवा कंपाउंडची भिंत असेल तर उत्तम. वर्गाच्या खिडक्यांपासून चार-पाच मीटर अंतर राहू द्या. नारळाच्या झाडाखाली कोपरा करू नका. झावळी आणि नारळ कधी पडेल याचा नेम नसतो. बाकीच्या झाडांच्या वाळक्या फांद्या पावसाआधी तपासून घ्या. गच्चीही टाळावी. कठडा, टाकी, उन्हाने तापलेली फरशी आणि खाली राहणारं कुटुंब, चारही गोष्टी अडचणीच्या.

दुसरी कसोटी बोलण्याची. एक बाई पाच मीटरवर उभी राहून नेहमीच्या आवाजात मुलांना चार सूचना देऊ दे. शेवटच्या मुलाला त्या कळल्या नाहीत तर रस्त्याचा किंवा लोकलचा आवाज जास्त आहे. अशा जागी वाद्यं चालतील, गोष्ट सांगायचा मंच चालणार नाही. मंच आतल्या बाजूला घ्या.

सोसायटीच्या आवारात बालवाडी असेल तर आधी कमिटीशी बोला आणि वेळ लिहून द्या. निवासी भागासाठी दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसं सांगतात. मुलांचं नुसतं खेळणंही ५५च्या वर सहज जातं, त्यामुळे भांडण आकड्यांवर नेण्यात काही हशील नाही. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, दिवसाला वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात फक्त हातांची व बांबूची वाद्यं, असं ठरवलं की शेजारी सहसा मान्य करतात. मुख्याध्यापक किंवा संस्थेच्या मंडळींना पटवायचं असेल तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर धरलेला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, एवढं पुरतं.

चौकट: भिंतीपासून वेगळी

वाद्यं इमारतीच्या भिंतीला लावू नका. टोल्याचा हादरा काँक्रीटमधून थेट वरच्या घरात जातो, तिथे तो हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा जास्त जाणवतो. स्वतंत्र चौकट करा. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे दोन खांब, उंची १२० सेंमी, वरचा आडवा दांडा २४० सेंमी. खांब जमिनीत पुरता येत नसतील तर रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादलीत खांब उभा करून ती काँक्रीटने भरा. एकेक पाया ४५ किलोच्या आसपास होतो. बादल्यांच्या कडा मुलांच्या पायाला लागतात, म्हणून त्यांच्याभोवती जुना टायर घाला. मात्र त्या टायरला खालून मोठी भोकं पाडा, कारण मुंबईत टायरात साठलेलं पाणी म्हणजे डासांचं घर. पाच वर्षांचं मूल वरच्या दांड्याला लटकणारच, हे धरून चाला. दोन मोठ्या माणसांनी दांडा पुढे-मागे जोर लावून ओढून पाहावा. जराही डोलला तर मागून तिरके टेकू द्या.

एका खोलीची अंगणवाडी असेल आणि अंगण म्हणजे समोरची गल्ली, तर चौकटीचा नाद सोडा. कपडे वाळत घालायचा स्टीलचा घडीचा स्टँड घ्या. त्याच्या दांड्यांवर तीन-चार वाद्यं टांगता येतात, सकाळी उघडायचा, अकराला मिटून दाराआड. खालच्या पायांना विटांचं वजन बांधलं नाही तर तो पहिल्याच दिवशी आडवा होतो.

स्क्रू, वॉशर, आकडे स्टेनलेसचे घ्या. साधं लोखंड आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतं आणि गंजलेल्या स्क्रूची धार बोटाला लागते. ३०४ ग्रेड बहुतेक ठिकाणी चालतो. समुद्राला लागून असलेल्या कुलाबा, वरळी, वर्सोवा अशा भागात ३१६ घ्या, नाहीतर वर्षभरात तपकिरी डाग येतात. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना थेट टेकू देऊ नका. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. खारट ओलाव्यात ही जोडी ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. हे सगळं हार्डवेअर नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतं.

सुरांची शिडी

हे या कोपऱ्याचं मुख्य वाद्य. ॲल्युमिनियमचा गोल पाइप घ्या, बाहेरून २५ मिमी, जाडी दीड मिमी. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्यांकडे किंवा ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात १२ फुटी लांबीत मिळतो. एकाच पाइपमधून सहा तुकडे निघतात. सूर भूप रागाचे ठेवा: सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. या पाच सुरांत कोणतेही दोन सूर एकदम वाजले तरी कानाला खुपत नाहीत, म्हणून चार मुलं एकाच वेळी हवं तसं वाजवू शकतात आणि कोणालाही 'चुकलास' म्हणायची वेळ येत नाही. मध्यम आणि निषाद घातले की हा मोकळेपणा जातो.

लांबी अशी:

सा: ६०.० सेंमी
रे: ५६.६ सेंमी
ग: ५३.७ सेंमी
प: ४९.० सेंमी
ध: ४६.५ सेंमी
वरचा सा: ४२.४ सेंमी

वरचा सा मिळवायला पाइप निम्मा करावा लागेल असं वाटतं, बासरीत तसंच असतं. पण इथे हवा नव्हे, पाइप स्वतः वाकून-सरळ होऊन वाजतो. अशा पाइपचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे ०.७०७ पट लांबीतच सप्तक पूर्ण होतं. निम्मा कापलात तर दोन सप्तकं वर जाल आणि पाइप वाया जाईल.

सा बरोबर ६० ला कापा. बाकीचे तीन-चार मिमी जास्त ठेवून कापा, हार्मोनियम किंवा फोनवरच्या ट्यूनरशी ताडून कानशीने घासत खाली आणा. घासलं की सूर चढतो. एकदा जास्त चढला की तो तुकडा फुकट. एखाद मिमीने फारसा फरक पडत नाही, पाच मिमीने मात्र स्पष्ट बेसूर लागतो. वर दिलेल्या जाडीच्या पाइपचा सा साधारण ४१५ हर्ट्झच्या आसपास येईल, पण पाइपच्या जाडीप्रमाणे तो थोडा वर-खाली होतो. हार्मोनियमच्या ठरावीक पट्टीत बसवायचा हट्ट धरू नका. सहाही तुकडे एकमेकांशी जुळले की झालं. कापलेल्या कडांची धार आतून आणि बाहेरून पूर्ण घालवा, स्वतःची करंगळी फिरवून पाहा.

आता टांगणं. पाइपवर टोला पडला की दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात: प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. दोरी तिथेच हवी. सा साठी टोकापासून १३.४ सेंमी, रे १२.७, ग १२.०, प ११.०, ध १०.४, वरचा सा ९.५. तिथे ४ मिमीचं आरपार भोक पाडा. भोक पाडायच्या आधी खात्री करून घ्या: त्या खुणेवर पाइप दोन बोटांत सैल धरा आणि मधोमध वाजवा. घुमला तर जागा बरोबर. बोट दोन-तीन सेंमी सरकवून पुन्हा वाजवा, आवाज कसा मरतो ते लगेच कळेल. हा प्रयोग मोठ्या गटातल्या मुलांनाही दाखवा, त्यांना फार आवडतो.

भोकांतून पॉलिएस्टरची विणलेली दोरी ओवून शिडीसारखं टांगा, सर्वांत लांब पाइप खाली. नायलॉनची दोरी ओलाव्यात सैल पडते आणि उन्हात लवकर कुजते. दर पाइपखाली गाठ मारा. दोन पाइपांच्या मध्यांत ७ सेंमी अंतर ठेवा. यापेक्षा मोठ्या फटी ठेवायच्या मोहात पडू नका: ९ ते २३ सेंमीच्या फटीत लहान मुलाचं डोकं जाऊन अडकू शकतं. सर्वांत खालचा पाइप जमिनीपासून ५० सेंमी, वरचा ८५ सेंमीवर येतो. तीन वर्षांच्या मुलालाही वरचा सा पोचतो. शिडीची खालची टोकं चौकटीला ताणून बांधा, नाहीतर ती झोक्यासारखी हलते आणि पाइप एकमेकांवर आपटतात. पाइपच्या बरोबर मध्यावर रंगाचा पातळ पट्टा काढा. तिथे मारलं की सूर सर्वांत भरीव येतो आणि मुलांना नेम धरायला जागा मिळते. चिकटपट्टी लावू नका, ती नाद खाते.

पाइप ठप्प वाजत असेल तर कारणं ठरलेली: दोरी खुणेवरून सरकली, गाठ पाइपला घट्ट बसली, पाइप मागच्या दांड्याला टेकला किंवा मूल काठी टेकवूनच ठेवतंय. शेवटच्या कारणावर उपाय शिकवण्यात आहे: 'चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचा.' एवढं सांगितलं की चार वर्षांची मुलं दोन दिवसांत जमवतात.

बाकीचे आवाज

झाकणं. पातेल्याच्या झाकणाची मूठ काढली की मध्ये आयतं भोक मिळतं. झाकण कडेला थरथरतं आणि मध्यावर स्थिर असतं, म्हणून त्याला मधूनच धरायचं. दोन्ही बाजूंना जाड रबरी वॉशर लावून स्क्रू असा आवळा की झाकण हाताने फिरवलं तर फिरावं. कडेला खिळे मारलेलं झाकण आणि मधून सैल लावलेलं झाकण शेजारी शेजारी वाजवून पाहा, मग कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पितळेचं झाकण किंवा ताट मिळालं तर सोनंच. तांबाकाट्याच्या बाजारात जुनी पितळी भांडी वजनावर मिळतात. पातळ स्टीलचा आवाज कर्कश येतो, एकापेक्षा जास्त लावू नका.

हवेचे पाइप. ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडं उघडी, आणि वाजवायला जुनी रबरी स्लिपर. तळव्याने तोंडावर चपराक मारली की खोल 'धुम्' येतो. तीनच पाइप पुरेत: सा, प, वरचा सा. हिशेबाने लांबी १००, ६६.७ आणि ५० सेंमी येते, पण हवेची कंप पावणारी लांबी पाइपच्या तोंडाबाहेरही थोडी जाते, त्यामुळे दुसरे दोन किंचित खर्ज लागतात. ते दीड-दोन सेंमीने कमी करत कानाने जुळवा. पाइप आडवे, एका घोडीवर, तोंडं मुलांच्या छातीच्या उंचीवर. दुसरं टोक भिंतीला टेकवलं तर सूर पार बदलतो. निदान एक वीत मोकळी ठेवा.

ढोल. रंगाची २० लिटरची प्लास्टिकची बादली धुऊन उपडी ठेवा, पण फरशीवर थेट नको. तीन रबरी तुकड्यांवर चार सेंमी उचलून ठेवली की हवा खालून सुटते आणि आवाज मोकळा येतो. चामड्याचा डफ, ढोलकी आतच ठेवा आणि कोरड्या दिवशी बाहेर आणा. दमट हवेत पुडी सैल पडते. माठ वाजवायला सुंदर, पण चुंबळीवर ठेवून आणि मोठ्या माणसाच्या हाताखालीच.

बांबू आणि लाकूड. हे हळू आवाजाचं गणित सांभाळतात. बांबूचे चार तुकडे पाइपांसारखेच टांगा. भेगा पडलेला बांबू बोटाचं कातडं चिमटीत पकडतो, म्हणून दर आठवड्याला पाहा आणि भेग दिसताच काढून टाका.

हातातली वाद्यं वेगळ्या टोपलीत: टाळ, चिपळ्या, टिपऱ्या, घुंगरांचे पट्टे, छोट्या लेझीमा. घुंगरू आणि खुळखुळ्यातल्या बिया तीन वर्षांखालच्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. साधनं विकत घेण्यापेक्षा आसपासची वापरावीत, ही आपल्याकडच्या बालशिक्षणाची जुनी रीत आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यात १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम उभं केलं, त्यात परिसरातल्या वस्तूंना मानाची जागा होती. मुंबईचा परिसर वेगळा, म्हणून वस्तू वेगळ्या; रीत तीच.

काठ्या

निम्मा आवाज काठीवर ठरतो, तरी सगळ्यात दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. लांबी २० ते २५ सेंमी, जाडी १२ ते १५ मिमी. याहून लांब काठी शेजारच्या मुलाच्या डोळ्यापर्यंत जाते. टोकाला ४५ मिमीचा भरीव रबरी चेंडू, निम्म्यापर्यंत भोक पाडून इपॉक्सीने बसवलेला. ४५ मिमीपेक्षा लहान चेंडू वापरूच नका. निसटला तर घशात अडकण्याचा धोका असतो. दर सोमवारी प्रत्येक चेंडू जोरात ओढून पाहा. झाकणांसाठी त्याच चेंडूवर जुन्या मोज्याचे दोन वेढे घातलेली काठी वेगळी ठेवा. स्टीलचे चमचे नकोत: पाइपला पोचे पडतात आणि आवाज कान किटवतो. काठ्या चौकटीला बांधायच्याच असतील तर दोरी २० सेंमीपेक्षा आखूड हवी. लांब दोरी गळ्याभोवती जाते. खरं तर कापडी पिशवीत ठेवून वेळेला वाटणं जास्त बरं.

मंच

लहान मुलांचा मंच उंच असायची गरज नाही. १५ सेंमी पुरे. पडलं तरी लागत नाही आणि कठडा लागत नाही. १८ मिमीच्या मरीन प्लायची ८ बाय ४ फुटी दोन शीट घेऊन त्यांचे ४ बाय ४ फुटी चार तुकडे करा. खाली दोन इंची लाकडी पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांमध्ये ४० सेंमी अंतर. त्याहून जास्त ठेवलं तर प्लाय मुलांच्या उड्यांनी लचकतं. एकेक तुकडा चौकटीसह २५ किलोच्या घरात जातो, दोन बायकांना उचलता येतो. चार जोडले की साडेपाच-सहा चौरस मीटर, सहा-सात मुलांना नाचायला भरपूर. जोडाची फट पाच मिमीपेक्षा जास्त ठेवू नका, बोट अडकतं. पायाखाली रबरी तुकडे घाला. पोकळ मंचावर पाय आपटला की तोच ढोलासारखा वाजतो. हा त्याचा गुण आहे, खाली कार्पेट घालून घालवू नका. ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याला मंचावर अनवाणी उभं करा किंवा तळहात टेकवायला सांगा. शेजारी ढोल वाजला की ठेका त्याला पायातून कळतो, आणि ते इतरांबरोबर ताल धरू शकतं.

मंच आणि वाद्यकोपरा यांत निदान चार मीटर अंतर ठेवा. चिकटून केले तर गोष्ट सांगणारं मूल कोणालाच ऐकू जात नाही. मागे पडदा म्हणून जुनी नऊवारी उत्तम, दांड्यावर सुटी टाकलेली, बांधलेली नको. ओढली तर खाली येईल, कोणाच्या गळ्यात अडकणार नाही. प्रेक्षकांना सतरंज्या अर्धवर्तुळात. सकाळी नऊ-दहाला मुलांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून प्रेक्षकांची पाठ पूर्वेकडे असावी. मंचावरच्यांना सावलीची जाळी द्या. एप्रिल-मेमध्ये धातूची वाद्यं उघड्या उन्हात तापून हाताला चटका देतात, त्यांच्यावरही जाळी हवीच.

मुलांबरोबर

पहिला आठवडा काठ्या देऊ नका. हाताने, बोटांनी, नखांनी वाजवू द्या. मुलं कान पाइपला लावतात, झाकण फिरवतात, बादलीच्या तोंडात ओरडतात. ते सगळं होऊ द्या.

एका वेळी कोपऱ्यात पाच मुलं, फार तर सहा. पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर उरलेली मंचावर, मातीत, पाण्याशी. सगळा वर्ग एकदम सोडला की ऐकणं संपतं आणि फक्त बडवणं उरतं. थांबायची खूण ओरडून देऊ नका. बाईंच्या हातात एक टाळ असू द्या. टाळ एकदा वाजला की 'काठी काखेत'. टाळाचा नाद पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं आणि विरला की बोट वर करायचं. या एका खेळाने पंधरा दिवसांत गटाचा आवाज खाली येतो.

तीन वर्षांच्या मुलाला ठेका 'शिकवायला' जाऊ नका. ते जसं वाजवतंय तसंच तुम्ही शेजारच्या बादलीवर वाजवा. त्याने वेग बदलला की तुम्हीही बदला. ते हळूच मान वळवून बघेल आणि मुद्दाम थांबेल, तुम्हीही थांबा. इथून संवाद सुरू होतो. चार-पाच वर्षांची मुलं मोठा-लहान, भरभर-सावकाश हे खेळ आवडीने खेळतात. लोकलचा खेळ हमखास रंगतो: स्टेशनातून गाडी सुटताना सावकाश, मग वेग, पुलावर खडखडाट, स्टेशन आलं की हळू होत थांबणं, मंचावरचं मूल स्टेशनांची नावं पुकारतं आणि वाद्यांनी त्याच्या पुकाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. फेरीवाल्यांच्या आरोळ्या हा दुसरा खजिना. भाजीवाला, भंगारवाला, मीठवाला यांच्या हाकेला स्वतःचा सूर असतो. मुलं तो हुबेहूब उचलतात, आणि शिडीवर त्याच्या जवळचे दोन सूर शोधायला पाच वर्षांची मुलं दहा मिनिटं खपतात. फुगडी, झिम्मा, दिंडी, लेझीम यांचे ठेके मंचाच्या पोकळ फळ्यांवर फार छान उतरतात.

आवाजाला घाबरणारी मुलं प्रत्येक गटात असतात. कान झाकणाऱ्या मुलाचा हात धरून पुढे आणू नका. त्याला लांब सतरंजीवर बसून बघू द्या, बांबू आणि घुंगरू त्याच्या जवळ ठेवा, थांबण्याचा टाळ त्याच्या हाती द्या. आवाज बंद करायची सत्ता हातात आली की बरीच मुलं थोड्या दिवसांत स्वतःहून जवळ येतात.

आणि एक कळकळीची विनंती: डिसेंबर आला की हा मंच स्नेहसंमेलनाच्या तालमीला जुंपू नका. ठरलेल्या गाण्यावर ठरलेल्या हालचाली सुरू झाल्या की मुलांनी स्वतः रचलेलं सगळं मागे पडतं. पालकांना दाखवायचं असेल तर शुक्रवारी सुटायच्या वेळी दहा मिनिटं, त्या आठवड्यात मुलांनी जे केलं तेच, ज्यांना करायचंय त्यांनीच.

पाऊस आणि देखभाल

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ॲल्युमिनियमची शिडी आणि पीव्हीसी पाइप बाहेर राहिले तरी चालतात. झाकणं, बांबू, काठ्या, मंचाचे तुकडे आत. प्लायचे तुकडे आडवे रचू नका, भिंतीला उभे टेकवा आणि खाली दोन पट्ट्या ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. कापलेल्या कडांना मेमध्येच रंगाचे दोन हात द्या. पाणी प्लायमध्ये तिथूनच शिरतं.

पावसालाही वाजवता येतं. व्हरांड्याच्या पागोळ्यांखाली उपडं पातेलं, उपडी बादली, तिरका पत्र्याचा तुकडा ओळीने ठेवा आणि मुलांना आतून ऐकू द्या: कुठलं भरभर, कुठलं टपटप. सगळं उपडंच हवं. उघड्या तोंडाचं प्रत्येक भांडं, पाइपचा खोलगट कोपरा, चौकटीच्या पाइपचं वरचं उघडं टोक यांत पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. चौकटीच्या पाइपांना टोप्या बसवा, आडव्या पीव्हीसीला बोटभर उतार द्या आणि आठवड्यातून एक वार ठरवून सगळं उलटंपालटं करून कोरडं करा.

दर सोमवारी मुलं यायच्या आत पाच मिनिटांत पाहायच्या गोष्टी: चेंडू, दोरीच्या गाठी, बांबूच्या भेगा, सैल स्क्रू, चौकटीचा डोल. एखादं वाद्य अचानक झणझणू लागलं तर स्क्रू सैल झालाय असं समजा. दोरी चांगली दिसत असली तरी वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, सगळी बदला. उन्हाने ती आतून कमजोर झालेली असते. बदलल्याची तारीख चौकटीच्या मागच्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा, कारण बाई बदलतात आणि पुढच्या बाईंना ते विचारायला कोणी नसतं.